चंपीचा विमा काढावा का?

कापूस वेचून आलात, चुलीवर आधण ठेवलंत आणि कानाशी रेडिओ घेऊन बसलात, त्या सगळ्यांना आमच्या गटाचा रामराम.

आजचा विषय ऐकून काही जणी पदराआड हसतील. हसा, आम्हीही हसलो होतो. विषय आहे म्हाताऱ्या कुत्रीच्या विम्याचा.

त्याचं असं झालं. आमचा बारा जणींचा बचत गट आहे, कन्नड तालुक्यात, गौताळ्याच्या डोंगराकडच्या अंगाला. महिन्याच्या बैठकीत वर्गणी गोळा झाली, वही लिहून झाली, आणि उठायच्या वेळी आमच्यातल्या एक मावशी म्हणाल्या, "बायांनो, एक विचारायचंय. आमच्या चंपीचा विमा काढावा का?"

चंपी म्हणजे त्यांची कुत्री. काळी, छातीवर पांढरा पट्टा, एक कान कायमचा पडलेला. वय अकरा वर्षं. वय इतकं पक्कं माहीत असायचं कारण म्हणजे मावशींच्या नातीचं बाळंतपण आणि चंपीचं येणं एकाच आठवड्यातलं. मावशींचा एक नातू वाळूजला कंपनीत कामाला आहे. त्यानं मोबाईलवर जाहिरात बघितली की आता कुत्र्यांचाही विमा निघतो, दवाखान्याचा खर्च मिळतो. आजीचा जीव कुत्रीत आहे हे त्याला ठाऊक, म्हणून म्हणाला, हप्ता मी भरतो, तू फक्त हो म्हण. मावशींना हो म्हणता येईना आणि नाहीही म्हणता येईना. म्हणून त्यांनी गटापुढं मांडलं.

आम्ही हसलो. एक जण तर म्हणाली, "माणसाचा विमा काढायला पैसे नाहीत, अन् कुत्रीचा?" मावशी काही बोलल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "तिच्या दुधाच्या जागी गाठ आलीय."

मग हसू थांबलं. गाठ हा शब्द बायकांच्या बैठकीत पडला की सगळ्या गप्प होतात, तुम्हाला माहीत आहे.

आता ही चंपी मावशींची कोण लागते, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मावशी शेतातल्या वस्तीवर राहतात. मालक वारून बरीच वर्षं झाली. चौदा शेळ्या आहेत, त्यांच्यावर घर चालतं. आमच्या भागात बिबट्याचं भय नवं नाही, आणि शेळ्या चोरणारी माणसं बिबट्यापेक्षा जास्त आहेत. रात्री चंपी ओरडली की मावशी उठतात, कंदील घेऊन दार उघडतात, खाकरतात. अकरा वर्षांत त्या गोठ्यातून एकही शेळी गेली नाही. आजूबाजूच्या वस्त्यांवरून गेल्या. तेव्हा ही कुत्री लाडाची आहे तशी कमावतीही आहे, हे गटातल्या सगळ्या जणींना मान्य होतं.

प्रश्न विम्याचा होता. आमच्यातल्या दोघींनी ठरवलं, शहरात जाऊन चौकशी करून यायची. नाहीतरी एकीला औषधं आणायची होती. सकाळच्या गाडीनं छत्रपती संभाजीनगर गाठलं, मध्यवर्ती बसस्थानकावर उतरलो आणि एका विमा प्रतिनिधीकडं गेलो. मुलगा चांगला होता, हसला नाही. त्यानं विचारायला सुरुवात केली.

"जात कोणती?" आम्ही म्हटलं, गावठी.

"वय?" अकरा.

"लसीकरणाचं कार्ड?" कार्ड नाही. रेबीजची सुई दोनदा दिलेली आठवते, पण कागद नाही.

"विकत घेतल्याची पावती? किंमत किती?"

इथं आम्ही एकमेकींकडं बघितलं. चंपी पावसात भिजत आली होती, तिची पावती कोण देणार?

त्या मुलानं मग समजावून सांगितलं ते आम्ही तुम्हाला आमच्या शब्दांत सांगतो. कुत्र्याचा विमा आपल्या देशात निघतो हे खरं. सरकारी कंपन्याही काढतात, खासगीही काढतात. पण पहिल्यांदा विमा काढताना कुत्र्याचं वय बघतात. साधारण सात-आठ वर्षांच्या आतलं कुत्रं असेल तरच नवीन विमा मिळतो. मोठ्या अंगाच्या जातींना तर त्याहून लवकर दार बंद होतं, कारण मोठं कुत्रं लवकर म्हातारं होतं. आधीपासून दरवर्षी भरत आलेल्यांचा विमा पुढं काही वर्षं चालू राहतो, पण त्यालाही शेवट आहे. अकराव्या वर्षी पहिल्यांदा दारात गेलेल्याला बहुतेक कंपन्या उभं करत नाहीत.

म्हणजे मावशींच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथंच मिळालं. पण आम्ही निघालो नाही. आम्ही विचारलं, समजा वय बसलं असतं, तर काय मिळालं असतं?

तो म्हणाला, अपघात झाला, अचानक आजार झाला, दवाखान्यात ठेवावं लागलं, शस्त्रक्रिया झाली, तर ठरलेल्या रकमेपर्यंत खर्च मिळतो. कुत्रं दगावलं तर ठरलेली किंमत मिळते. चोरीला गेलं तर काही विम्यांत मिळते. कुत्र्यानं दुसऱ्या कुणाला चावलं आणि भरपाई द्यायची वेळ आली, तर तीही काही विम्यांत असते. ऐकायला बरं वाटलं. मग आम्ही विचारलं, आणि काय मिळत नाही? ही सवय आम्हाला शेळ्यांच्या विम्यानं लावली, त्याची हकीकत पुढं येईल.

जे मिळत नाही त्याची यादी लांब निघाली. विमा काढायच्या आधीपासून असलेला आजार नाही. म्हणजे चंपीची गाठ नाही, आणि ती दोन वर्षांपासून मागच्या पायानं लंगडते तेही नाही. दातांचा खर्च बहुधा नाही. लस, जंताचं औषध, गोचिडाचं औषध नाही. विण्याचा खर्च नाही. सुरुवातीचे काही दिवस झालेला आजार नाही. लस वेळेवर दिलेली नसेल तर त्या लसीनं टळला असता असा आजार नाही. आणि वय होऊन मेलं तर काही नाही.

परत येताना गाडीत आम्ही हिशेब मांडला. तो साधा आहे, तुम्हीही मांडून बघा. समजा हप्ता वर्षाला तीन हजार आहे. हा आकडा आम्ही हिशेबापुरता धरलाय, हप्ता कुत्र्याच्या किमतीवर, वयावर आणि किती खर्च हवा त्यावर ठरतो. अकरा वर्षांचं गावठी कुत्रं आणखी दोन-तीन वर्षं जगेल. म्हणजे सहा ते नऊ हजार जाणार. आता म्हाताऱ्या कुत्र्याला होतं काय? डोळ्यात मोतीबिंदू येतो. दात किडतात, तोंडाला वास येतो. सांधे धरतात. मूत्रपिंड थकतं, मग पाणी जास्त पितं आणि सारखं मुततं. गाठी येतात. यातलं निम्मं आधीपासूनचं म्हणून गेलं, दात तर यादीतच नाहीत. उरलं काय? मोटारसायकलची धडक, साप चावणं, विषबाधा. तेवढ्यासाठी नऊ हजार?

आमच्यातली एक शाळेत गणितात हुशार होती, आता शिवण करते. तिनं हे सगळ्यांत चांगलं सांगितलं. ती म्हणाली, "विमा आणि भिशी यात घोळ करू नका. भिशीत प्रत्येकीचा नंबर लागतोच. विम्यात शंभर जणी भरतात, त्यातल्या चार-पाच जणींवर संकट येतं, आणि बाकीच्यांचे पैसे त्यांच्या कामी येतात. म्हणून हप्ता थोडा आणि रक्कम मोठी. पण म्हातारपण चार-पाच जणींनाच येत नाही, सगळ्यांना येतं. मग कंपनी काय करणार? एकतर हप्ता वाढवणार, नाहीतर दार लावून घेणार." आम्हाला हे पटलं. कंपनीवर रागवायचंही कारण उरलं नाही. जो खर्च नक्की येणार आहे तो विम्यानं भागत नाही, त्याला साठवूनच ठेवावं लागतं.

आता तुमच्यातली कुणी म्हणेल, मग काय कुणीच कुत्र्याचा विमा काढू नये? तसं आम्ही म्हणत नाही. शहरात तुमच्या मुलीनं पंधरा-वीस हजारांचं लॅब्राडोर घेतलं असेल, वय दोन-तीन वर्षांचं असेल, लसीचं कार्ड असेल आणि जवळ फक्त खासगी दवाखाना असेल, तर तिनं विचार जरूर करावा. आपल्या मराठवाड्यात कुणाकडं कारवानी किंवा पश्मी कुत्री असतात, शिकारी जातीची, उंच, सडपातळ. त्यांच्या पिलांना किंमत येते. त्यांनीही विचारून बघावं, पण पिलू लहान असताना. म्हातारपणी नव्हे.

गावठी कुत्र्याचं मात्र दुखणं वेगळं आहे. विमा किमतीवर उभा असतो, आणि आपल्या कुत्र्याला बाजारात किंमत नाही. चौदा शेळ्या राखणाऱ्या कुत्रीची किंमत विम्याच्या कागदावर शून्य लिहावी लागते. हे आम्हाला जरा लागलं. आपण बायका घरात जे काम करतो त्याची किंमत लिहायची वेळ आली की कागदावर काय लिहितात, ते आठवलं. असो.

शेळ्यांच्या विम्याची हकीकत आता सांगतो, कारण ती तुमच्या जास्त कामाची आहे. तीन वर्षांमागं मावशींनी शेळ्यांचा विमा काढला होता. पावसाळ्यात एक गाभण शेळी दगावली. मावशींनी कंपनीला कळवलं, कागद दिले, आणि पैसे मिळाले नाहीत. का? शेळीच्या कानातला बिल्ला झुडपात अडकून तुटून पडला होता आणि नवा लावून घेतला नव्हता. बिल्ला नाही तर पैसे नाहीत, हा नियमच आहे. वर मावशींनी वास सुटेल म्हणून डॉक्टर यायच्या आधी शेळी पुरून टाकली होती. शवविच्छेदन झालंच नाही. तेव्हा आम्ही कंपनीला शिव्या दिल्या, पण खरं सांगायचं तर कुणी आम्हाला हे आधी नीट सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

म्हणून ऐका. गाय, म्हैस, बैल, शेळी, मेंढी यांच्यासाठी राष्ट्रीय पशुधन अभियानातून विमा निघतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारनं त्यात बदल केला आणि हप्त्यातला शेतकऱ्याचा वाटा १५ टक्के ठरवला. आधी तो वीसपासून पन्नास टक्क्यांपर्यंत असायचा. उरलेला भार केंद्र आणि राज्य मिळून उचलतात. म्हणजे हप्ता हजार रुपयांचा असेल तर तुमच्या पदरचे दीडशे. आपल्या गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा पशुसखीकडं विचारा की सध्या आपल्या तालुक्यात विमा चालू आहे का आणि कोणत्या कंपनीचा. या योजनेत घोडा, गाढव, उंट, डुक्कर, ससासुद्धा आहे. कुत्रं नाही.

आणि इथंही वय आहेच. विम्यासाठी दुभती गाय साधारण दोन ते दहा वर्षांची धरतात, म्हैस तीन ते बारा, शेळ्या-मेंढ्या सात वर्षांपर्यंत. आपल्याकडं सवय अशी की जनावर तरुण आणि धडधाकट असतं तेव्हा विमा नको वाटतो, आणि म्हैस थकली, खोकायला लागली की विमा आठवतो. तेव्हा उशीर झालेला असतो. चंपीचं झालं तेच. म्हशीचं तसं होऊ देऊ नका, कारण म्हैस गेली तर घर बसतं. जो तोटा एका फटक्यात घर मोडतो, त्याचा विमा काढायचा. लंपी आजारात २०२२ साली गावोगाव जनावरं गेली तेव्हा सरकारनं मदत दिली, दुभत्या जनावराला ३०,००० रुपये, बैलाला २५,००० आणि वासराला १६,०००. पण ती त्या वेळची मदत होती. दर आजाराला सरकार तशी देईल असं धरून चालता येत नाही.

जनावर दगावलंच तर पहिल्यांदा कंपनीला आणि डॉक्टरला कळवायचं, मग बाकीचं. बिल्ल्यासकट कानाचा फोटो काढायचा. शवविच्छेदनाचा दाखला, विम्याचा कागद, मागणीचा अर्ज हे सगळं एका पिशवीत. आणि कागद पूर्ण असून कंपनी दाद देत नसेल, तर विमा नियामक प्राधिकरणाचा फोन आहे, १५५२५५. तिथंही भागलं नाही तर पुण्याला विमा लोकपालांचं कार्यालय आहे, त्यांच्याकडं तक्रार करायला पैसे पडत नाहीत, वकीलही लागत नाही. हे आम्हाला शेळी गेल्यावर कळलं.

आता चंपीकडं परत येऊ. विमा नाही हे ठरलं. पण गाठ तर होतीच.

मावशींनी तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. कसं नेलं? नातवाच्या मोटारसायकलवर, मध्ये पोत्यात गुंडाळून, तोंडाला पंचा बांधून. डॉक्टरांनी गाठ चाचपली. लिंबाएवढी होती, खालच्या बाजूला. ते म्हणाले, नसबंदी न झालेल्या कुत्र्यांत म्हातारपणी अशा गाठी नेहमी दिसतात. साधारण निम्म्या साध्या असतात, निम्म्या कर्करोगाच्या. लहान आहे तोवर काढली तर बरं. पण वय आहे, भूल सोसेल का ते बघायला आधी रक्त तपासू, आणि छातीचा फोटो काढून गाठ फुप्फुसात पसरली नाही ना ते बघू. पसरली असेल तर कापण्यात अर्थ नाही, तेव्हा दुखणं कमी करायचं आणि सुखानं जगू द्यायचं. मावशींना हा माणूस आवडला. कारण त्यानं दोन्ही वाटा सांगितल्या.

सरकारी दवाखान्यात फी थोडी असते, पण तालुक्याला सगळी साधनं नसतात. तपासणी, फोटो, औषधं आणि जाणं-येणं धरून मावशींना सहा हजारांचा अंदाज आला. नातू म्हणाला तीन मी देतो. राहिलेले तीन मावशींनी गटाकडं अंतर्गत कर्ज म्हणून मागितले.

आणि मैत्रिणींनो, त्या दिवशी आमच्या गटात जे भांडण झालं ते सहा वर्षांत झालं नव्हतं. एक जण उभी राहिली. म्हणाली, "माझ्या पोरीच्या कॉलेजच्या फीला मी पाच हजार मागितले तेव्हा तुम्ही म्हणालात पुढच्या महिन्यात. अन् कुत्रीला लगेच?" तिचं खरं होतं. तेव्हा शिल्लक नव्हती हेही खरं होतं, पण तिला लागलेलं खरं होतं. दुसरी म्हणाली, उद्या प्रत्येक जण मांजर घेऊन येईल. तिसरी म्हणाली, आपल्या पैठणच्या नाथांनी काशीहून आणलेली गंगा तहानलेल्या गाढवाला पाजली, आणि तुम्ही व्याजानं परत मिळणारे पैसे द्यायला तयार नाही. त्यावर पहिली म्हणाली, नाथांची कावड नाथांची होती, ही पेटी बारा जणींची आहे. आम्हाला दोघींचंही पटलं, हे सांगायला आम्ही लाजत नाही.

शेवटी शिवणकाम करणारीनंच वाट काढली. ती म्हणाली, कर्ज कुत्रीला देत नाही आपण, शेळीपालनाला देतोय. चंपी गेली तर रात्री राखण कोण करणार? नवं कुत्रं तयार व्हायला वर्ष लागतं. त्या वर्षात दोन शेळ्या गेल्या तर मावशी कर्जातच जातील. फेडणार कशातून, ते विचारा. मावशी म्हणाल्या, बकरी ईदला दोन बोकड विकायचेत, तोवर महिन्याला तीनशे देत जाईन. कर्ज मंजूर झालं, नेहमीच्याच व्याजानं. आणि त्याच बैठकीत ठरलं की पोरीच्या फीचं कर्ज यापुढं रांगेत पहिलं. ते वहीत लिहिलं. दोन्ही गोष्टी एकाच पानावर आहेत.

छातीचा फोटो साफ निघाला. गाठ काढली. टाके पडेपर्यंत दहा दिवस मावशींनी तिला जुन्या परकराच्या कापडाचा अंगरखा शिवून घातला, चाटू नये म्हणून. तो पण आमच्या शिवणवालीनंच शिवला, चार बंदांचा. गाठ कसली होती ते तपासायला शहराच्या पुढं पाठवावी लागली असती. मावशी म्हणाल्या, नको, कळून मी काय करणार आहे?

त्याच आठवड्यात आमच्या बैठकीत आणखी एक गोष्ट बाहेर आली. चंपीच्या गाठीवर इतकं बोलणं झाल्यावर आमच्यातली एक हळूच म्हणाली, मलाही आहे, दीड वर्ष झालं, दुखत नाही म्हणून दाखवली नाही. आम्ही तिला दुसऱ्या दिवशी गाडीत बसवलं. शहरात आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, तिथं नेलं. तपासणी झाली, साधी गाठ निघाली. पण दीड वर्ष ती मनात काय घेऊन जगत होती, ते तिलाच ठाऊक. तेव्हा कुत्र्याच्या विम्याचा विचार करायच्या आधी, बायांनो, आपापलं रेशनकार्ड आणि आधारकार्ड काढून ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण आहे, आणि त्याचा हप्ता तुम्हाला भरायचा नाही. आमच्या बारापैकी सात जणींकडं कार्ड नव्हतं. आता आहे.

चंपीसाठी विम्याऐवजी आम्ही काय केलं तेही सांगतो. मावशी दर महिन्याला गटाच्या वर्गणीबरोबर शंभर रुपये वेगळे ठेवतात. डब्यावर नाव लिहिलंय, चंपी. त्यातून वर्षाला एकदा रेबीजची लस, तीन महिन्यांनी जंताचं औषध आणि गोचिडाचं औषध होतं. गोचिडाला हलकं घेऊ नका, त्यातून येणाऱ्या तापानं कुत्री पटकन खंगतात. रेबीजची लस मात्र कुत्र्यापेक्षा आपल्या लेकरांसाठी आहे. हा रोग एकदा उठला की माणूस वाचत नाही. कुत्रं चावलं तर हळद-चुना न लावता जखम वाहत्या पाण्यानं साबण लावून पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. सुया तिथं फुकट आहेत, सगळ्या घ्यायच्या, एक घेऊन थांबायचं नाही.

लंगडतं म्हणून आपल्या डब्यातली अंगदुखीची गोळी कुत्र्याला कधी देऊ नका. पॅरासिटामॉल, आयब्रुफेन, डायक्लोफिनॅक यांनी त्याच्या यकृतावर, मूत्रपिंडावर, पोटावर घाला पडतो, आणि आपण समजतो म्हातारं होऊन मेलं. मावशींनी पण एकदा अर्धी दिली होती, डॉक्टर रागावले. कांदा-लसणाचं कालवणही रोज नको. दात गेल्यावर भाकरी ताकात किंवा दुधात कुस्करून द्या. थंडीत ओल्या जमिनीवर झोपू देऊ नका, दोन पोती टाका. फार पाणी पीत असेल, अंगावरचं मांस झडत असेल किंवा कुत्रीच्या मागून पू-पाणी जात असेल, तर थांबू नका. नसबंदी न झालेल्या कुत्रीच्या गर्भाशयात पू होतो आणि त्यानं तिचा जीवही जाऊ शकतो. जनावरांच्या उपचारासाठी १९६२ हा फुकट फोन आहे, तो दारावर खडूनं लिहून ठेवा.

आणि ज्यांच्याकडं कुत्रीचं पिलू आहे, त्यांनी तिची नसबंदी लहानपणीच करून घ्या. पहिल्यांदा माजावर यायच्या आधी केली तर या गाठींचा धोका फार कमी होतो. हे आम्हाला अकरा वर्षं आधी कुणी सांगितलं असतं तर सहा हजार वाचले असते.

आता या गोष्टीला आठ महिने झाले. मावशींचं कर्ज बोकडांच्या पैशातून फिटलं, व्याजासकट. चंपीला डाव्या डोळ्यानं दिसत नाही. ती उशिरा भुंकते, कधी वाऱ्यावरही भुंकते. मावशींनी एक पिलू आणलंय, तेही मादी. ते दिवसभर चंपीच्या शेपटीशी खेळतं आणि रात्री ती भुंकली की मागून बारीक आवाजात भुंकतं. पिलाच्या लसीचं कार्ड मावशींनी गटाच्या पेटीत ठेवलंय, त्यावर जन्माचा महिना लिहून. नातू पुन्हा विचारतोय, आजी, हिचा काढू का विमा? या वेळी वय बसतंय. किमतीच्या रकान्यात काय लिहायचं, यावर आमचं अजून ठरलेलं नाही.

तुमच्याकडं म्हाताऱ्या जनावराचा विमा कुणी काढला असेल, पैसे मिळाले असतील किंवा मिळाले नसतील, तर आम्हाला कळवा. पुढच्या आठवड्यात याच वेळी आमच्याबरोबर पशुसखी असणार आहेत. शेळीच्या कानातला बिल्ला हरवला तर नवा कसा लावून घ्यायचा आणि जुना नंबर कागदावर कसा बदलून घ्यायचा, ते त्या सांगतील. वही-पेन घेऊन बसा. रामराम.